प्रत माहितीसाठी

३ फेब्रुवारी

चि. मुकादम हिस,

अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझे २२ जानेवारीचे पत्र व सोबतची अर्जाची नक्कल पावली. अकरा वर्षांची नोकरी सोडून तू शेजारच्या राज्यात स्वतःचा बांधकाम व्यवसाय सुरू करीत आहेस, पहिले काम म्हणून एका लहान गावातील दुमजली आरोग्य केंद्र तुला मिळाले आहे, आणि मार्चअखेर परवाना हाती न आल्यास ते काम दुसऱ्या क्रमांकाच्या ठेकेदाराकडे जाईल, एवढे त्यावरून समजले. ‘बाबा, जरा धोके बघून सांगा’ असे तू लिहिले आहेस. एकतीस वर्षे विमा कंपनीत इमारतींचे धोके तपासलेल्या माणसास ‘जरा’ म्हणणे हाच पहिला धोका होय.

अहवाल सोबत जोडला आहे. पृष्ठे चौदा, धोके त्रेचाळीस. ते कमी करता आले असते. पण मग ते त्या राज्याचे धोके राहिले नसते, माझे सौजन्य झाले असते. जमीन चिकणमातीची आहे. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, व दोन्ही वेळी पायास विचारीत नाही. वाळूचा पुरवठा संपूर्ण जिल्ह्यात एकाच कुटुंबाच्या हाती आहे, आणि त्या कुटुंबातील भावाभावांत बोलणे नाही. सरकारी देयक सात सह्यांतून जाते. त्यांपैकी एक सही करणारे गृहस्थ दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले असून त्यांची जागा भरलेली नाही. स्थानिक ठेकेदार निविदा उघडण्याच्या आदल्या दिवशी एकाच टेबलाशी चहा पितात असे तूच कळविलेस. त्या टेबलाशी तुला खुर्ची नाही, हा धोका क्रमांक पाच.

क्रमांक एक म्हणून ‘प्रवर्तकाचा हट्टी स्वभाव’ घेतला आहे. तो पितृकुळाकडून आला असावा असे तुझी आई म्हणत असे. पुराव्याअभावी मी ते नोंदीत घेतलेले नाही. क्रमांक सात, परवाना अधिकारी. त्यांच्या टेबलावर फाइल सरासरी चार महिने मुरते व टेबल पुसणाऱ्याने हलविली तरच हलते, हे तुझेच शब्द मी शुद्ध करून वापरले आहेत. क्रमांक एकोणीस मात्र गंभीर आहे. अर्जात ‘सुरक्षा देखरेख’ या रकान्यात तू तुझ्या मावशीचे नाव लिहिले आहेस. तिचा अनुभव शाळेच्या मैदानावर शिट्टी वाजविण्यापुरता असून ती बांधकामापासून एक राज्य दूर राहते. कागदावरचा देखरेख अधिकारी कागदावरचीच माणसे वाचवितो.

घरी सर्व ठीक. स्वयंपाकघरातला नळ ठिबकतो. मिनिटास चौदा थेंब, गेल्या आठवड्यात अकरा होते. येत्या नऊ तारखेस तुझ्या आईस जाऊन अकरा महिने होतील. सकाळी चहा दोन कप होतो. दुसरा मी अकरा वाजता गार पितो, म्हणजे अपव्यय होत नाही. टपाल टाकण्याचे काम इतकी वर्षे तिच्याकडे होते. या वेळी मी स्वतः पोस्टात जाऊन सर्व रजिस्टर करणार आहे. काल चौकशीस गेलो होतो; खिडकीवरच्या इसमास तिकिटे सरळ चिकटवता येत नाहीत.

फोन केलास तर बोलेन. पण फोनवरचे बोलणे नोंदीत राहात नाही, तेव्हा लिहावे. लोभाची वेळोवेळी तपासणी व्हावी व तपासणीअंती तो वाढलेला आढळावा, ही इच्छा.

तुझा,
बाबा

प्रत माहितीसाठी: परवाना अधिकारी, जिल्हा बांधकाम कार्यालय.


१२ फेब्रुवारी

ती. बाबांस,

सा. न. वि. वि.

तुमचा अहवाल पोचला. टायरच्या दुकानावरच्या माझ्या दोन खोल्यांत त्याला टेबल पुरलं नाही, म्हणून जमिनीवर मांडून वाचला. पहिला धोका वाचून मी चिडले, आठवा वाचून घाबरले, आणि बाविसावा वाचून (‘प्रवर्तक उन्हात टोपी घालीत नाही’) या टोपीवरून तुम्ही चौथीपासून माझ्यामागे लागला आहात हे आठवलं.

गवंडीकाका माझ्यासोबत नोकरी सोडून आले आहेत हे तुम्हाला माहीत आहे. त्यांनी अहवाल मागून घेतला आणि दुपारच्या सुट्टीत सगळ्या माणसांना वाचून दाखवला. त्यांचं मत असं की इतक्या वर्षांत त्यांच्या कामाबद्दल कुणी इतकं मनापासून काळजी करून लिहिलेलं नाही. मात्र खड्ड्याच्या कडा ढासळण्याचा धोका ऐकल्यापासून ते माती तपासायला घेतलेल्या खड्ड्याशेजारी जेवत नाहीत. आता साइटवर सगळे नंबरानेच बोलतात. काल ट्रक चिखलात रुतला, तर पोरगेल्या ड्रायव्हरने हात वर करून सांगितलं की अकरा नंबर झाला. वाळूवाला आला नाही की चौदा. मी ओरडले की एक.

म्हणजे टिंगल करतेय असं समजू नका. करतेय, पण उपयोगही होतोय. तुमच्या सांगण्यावरून पाया दीड हात आणखी खोल घेतलाय नकाशात, आणि खड्ड्याला आधाराच्या फळ्या लावायचं ठरलंय. वाळूच्या भावाभावांपैकी धाकट्याला मी पटवलंय. थोरल्याचा धाकटा जावई आमच्या मजुराचा मित्र निघाला. तुमच्या यादीत नात्यागोत्याचा फायदा नाही कुठे. फायद्याची यादी वेगळी असते का, की विमा कंपनीत ती करायची पद्धतच नव्हती?

मावशीचं नाव घातलं, कारण तिच्याकडे प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र आहे आणि इथे सगळेच असं करतात. एका ठेकेदाराने तर स्वतःच्या आजोबांना देखरेखीवर नेमलंय. ते झोपूनच असतात, त्यामुळे पडण्याचा धोका शून्य. परवान्याचं काम होतंय. साहेबांनी परवा फाइल चक्क उघडली.

शेवटची ‘प्रत माहितीसाठी’ वाचून घर आठवलं. ती ओळ नसती तर पत्र तुमचं आहे असं वाटलं नसतं.

नळाचा वॉशर बदला, थेंब मोजू नका. आणि गार चहा पिऊ नका, पित्त होतं. तुमच्या लोभाच्या पायाला भेग दिसली तर फोटो काढून पाठवा, लगेच येते.

तुमची,
मुकादम


२४ फेब्रुवारी

ती. बाबांस,

न. वि. वि.

तुम्ही ती प्रत खरंच पाठवलीत.

आज मला कार्यालयात बोलावलं होतं. साहेबांच्या हातात चौदा पानं होती, रजिस्टर पोस्टाने आलेली, वर तुमचं ते वळणदार अक्षर. त्यांनी सातवा धोका शिपायाला, दोन कारकुनांना आणि रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईंना वाचून दाखवला. बाई हसल्या. साहेब हसले नाहीत. त्यांनी विचारलं की अर्जदाराचे वडीलच जर त्रेचाळीस धोके लेखी कळवत असतील, तर कार्यालयाने परवाना कोणत्या तोंडाने द्यायचा. मी अर्जाची पोच उचलून बाहेर आले. मी, बाबा. ट्रकवाल्याशीही भांडून जिंकणारी मी.

फाइल थांबली आहे. १८ मार्चला सुनावणी. त्यात परवाना अडला तर एप्रिलच्या पहिल्या तारखेला काम त्या चहाच्या टेबलावर जाणार, आणि गवंडीकाकांसह अकरा माणसं माझ्या भरवशावर नोकऱ्या सोडून आलीत ती परत कुठे जाणार ते तुमच्या अहवालात नाही.

तुम्ही मुद्दाम केलं नाहीत हे मला माहीत आहे. तेच तर. मुद्दाम केलं असतंत तर भांडता आलं असतं. इतकी वर्षं तुम्ही प्रत माहितीसाठी लिहीत आलात आणि कधी काही बिघडलं नाही, कारण आई होती. पुढचं मावशीला विचारा. मला आत्ता लिहवत नाही.

मुकादम


१ मार्च

सौ. शिट्टीमावशी हिस,

स. न. वि. वि.

प्रथम, अहवालातील एकोणिसाव्या कलमाबद्दल. मजकूर तुला कळला असेल. तो व्यक्तिगत नाही.

चि. मुकादमच्या परवान्याची फाइल माझ्या पत्राच्या प्रतीमुळे अडकली आहे. मी काही गैर केले असे मला वाटत नाही. ज्या विषयात ज्या कार्यालयाचा संबंध, त्या कार्यालयास प्रत द्यावी, हा शिस्तीचा पहिला नियम आहे. ज्याच्या पाठीमागे बोलावयाचे त्याच्या समोरही तेच बोलावे, म्हणून प्रत. मी आयुष्यात एकही पत्र असे लिहिले नाही की ज्याची प्रत पाठविण्याची मला लाज वाटावी.

तथापि मुलीने लिहिले आहे की आजवर काही बिघडले नाही याचे कारण तिची आई होती, व पुढचे तुला विचारावे. या वाक्याचा अर्थ मी दोन दिवस लावीत आहे. तिची आई माझी पत्रे पोस्टात टाकीत असे, याखेरीज तिचा या पत्रव्यवहाराशी संबंध नव्हता. ती कधी ती उघडूनही वाचत नसे. मी विचारले असता, तुमचे अक्षर पाहूनच पोट भरते असे म्हणत असे.

तू थोरल्या बहिणीच्या सर्व गोष्टी जाणत होतीस. कृपया जे असेल ते सविस्तर व क्रमवार कळवावे. घरी ठीक आहे. मी तिची शेवटची खरेदीची यादी डायरीत ठेवली आहे; शर्टाच्या खिशात असते, दुसरे काही विशेष नाही. नळास वॉशर बसविला. आता तो ठिबकत नाही व घर फार शांत झाले आहे.

लोभ पूर्ववत असावा. एकोणिसाव्या कलमामुळे त्यात घट आली असल्यास तसे स्पष्ट लिहावे.

आपला,
भावोजी


७ मार्च

ती. भावोजींस,

शि. सा. न. वि. वि.

सविस्तर लिहीन, क्रमवार जमायचं नाही. अठ्ठावीस वर्षं मी मुलांना रांगेत उभं केलं, आता शब्दांनाही करू का?

आधी एकोणीस. माझ्या मैदानावर अठ्ठावीस वर्षांत तीन हात मोडले, त्यातला एक मुख्याध्यापकांचा. तुमच्या विमा कंपनीची आकडेवारी याहून चांगली असेल तर पाठवा. पण तुमचं खरं आहे. मी इथे बसून तिथल्या परांचीवर काय देखरेख करणार? पोरीने नाव विचारलं, मी हो म्हटलं. मावशी म्हणून म्हटलं, अधिकारी म्हणून नाही.

आता घट्ट बसा. भावोजी, तुमच्या प्रती ताईने कधीच टाकल्या नाहीत. मूळ पत्र ती टाकायची, तिकीट सरळ लावून. प्रत काढून ठेवायची. लग्न झाल्यावर दुसऱ्याच महिन्यात सुरुवात केली. तुमच्या साहेबांनी नवं घर बांधलं, तुम्ही त्यांना अभिनंदनाचं पत्र लिहिलंत, त्यात तुळईला भेग आहे असं कळवलंत, आणि प्रत माहितीसाठी त्यांना कर्ज देणाऱ्या बँकेला. ताई पोस्टाच्या पेटीसमोर पाच मिनिटं उभी राहिली आणि एकच पाकीट टाकून घरी आली. तुमची पुढची बढती त्या पाच मिनिटांत झाली.

माझ्या लग्नाच्या वेळी तुम्ही मला लिहिलंत की मुलगा मोटरसायकल वेगात चालवतो व रागाच्या भरात हेल्मेट विसरतो. प्रत मुलाच्या वडिलांना. ती गेली असती तर मी आज कुमारी शिट्टी असते. ह्यांचा स्वभाव बघता ताईने तेवढी एक टाकायला हवी होती, असंही कधीकधी वाटतं. शेजारच्यांच्या गॅलरीबद्दल पालिकेला, पोरीच्या सहलीच्या बसबद्दल पोलिसांना, तुमच्या स्वतःच्या मोठ्या भावाच्या गुडघ्याबद्दल त्याच्या ऑफिसला. घरात पोरीला माहीत, मला माहीत, पोस्टमनलाही थोडंफार. एक तुम्हालाच नाही.

मी एकदा तिला विचारलं होतं की तू त्यांना सांगत का नाहीस. ती भाजी निवडत होती. म्हणाली, “ते खरं बोलतात, त्याला इलाज नाही आणि मला नकोही आहे. फक्त खरं किती जणांना कळवायचं, तेवढं मी बघते.”

कागद फुकट घालवणारी ती नव्हती. त्या प्रतींच्या पाठीवर ती वाण्याच्या याद्या करायची. स्वयंपाकघरातल्या खालच्या ड्रॉवरमध्ये, पुसायच्या फडक्यांखाली गठ्ठा असेल अजून. तुम्ही त्या ड्रॉवरला हात लावणार नाही याची तिला पक्की खात्री होती. आणि भावोजी, खिशातली यादी इतके महिने बघताय, एकदा उलटून बघा.

लोभात घट नाही. शिट्टीत हवा आहे तोवर होणारही नाही.

तुमची मेहुणी


१२ मार्च

चि. मुकादम हिस,

अनेक आशीर्वाद. वि. वि.

मावशीचे पत्र आले. यादी उलटून पाहिली.

एका बाजूस तिच्या अक्षरात: साखर, साबण, बल्ब दोन, सुतळी, ह्यांच्या चष्म्याची दोरी. ही बाजू मला पाठ आहे. दुसऱ्या बाजूस माझे अक्षर. तुला पहिली नोकरी लागली तेव्हा मी तुला जे पत्र लिहिले होते, त्याची ही प्रत, तुझ्या त्या बांधकाम कंपनीच्या व्यवस्थापकांस. त्यात मी असे म्हटले आहे की उमेदवारास परांचीवर चढण्याचा सराव नाही, उन्हात ती टोपी घालीत नाही, ती आमची एकुलती मुलगी आहे, आणि तरी तिच्या नेमणुकीचा फेरविचार व्हावा. ‘आणि तरी’ हे शब्द तेथे व्याकरणाने बसत नाहीत. ‘सबब’ हवे होते. माझ्या हातून असे सहसा होत नाही.

त्या व्यवस्थापकांनी उत्तर दिले नाही म्हणून अकरा वर्षे मी त्यांना बेजबाबदार समजत आलो. बँकेने उत्तर दिले नाही, पालिकेने दिले नाही, पोलिसांनी दिले नाही. जगास उत्तर देण्याची सवय नाही असे माझे मत बनले होते व ते मी अनेकांस ऐकविले आहे.

ड्रॉवर उघडला. फडक्यांखाली गठ्ठा आहे. एकशे बासष्ट कागद, सुतळीने बांधलेले. वरचे कोरे, म्हणजे पाठीने कोरे. ते तिने अद्याप वापरले नव्हते. मी सायंकाळपर्यंत वाचीत बसलो. प्रत्येक पत्रातील मजकूर बरोबर आहे. मी एकही शब्द मागे घेणार नाही. पण त्यांतील एकही त्या पत्त्यावर पोहोचावयास नको होता, हेही मला दिसले, आणि ही दोन विधाने एकाच वेळी खरी कशी असू शकतात याचा विचार मी करीत आहे.

तुझे नुकसान माझ्या हातून झाले आहे. मी सुनावणीस येतो. नको म्हणून लिहिशील ते मला पोहोचण्यापूर्वी मी निघालेलो असेन. तशीच वेळ साधून हे पत्र टाकीत आहे. अहवाल मागे घेण्यास येत नाही. त्यास उत्तर देण्यास येतो.

बाबा

(प्रत नाही. काढली होती. फाडली.)


२० मार्च

ती. मावशीस,

सा. न. वि. वि.

सुनावणी झाली. मी अजून जिवंत आहे, साहेबही आहेत.

बाबा सकाळी दहाच्या गाडीने उतरले, कोटात, खिशात भिंती ठोकून तपासायची ती जुनी छोटी हातोडी. मी हात जोडून विनवलं की साहेबांच्या खोलीत ती बाहेर काढू नका. त्यांनी मान डोलावली. आत गेलो, नमस्कार झाले, आणि बाबांनी बसायच्या आधी साहेबांच्या मागच्या भिंतीवर तीनदा ठोकलं. मग छताकडे बघून अत्यंत अदबीने सांगितलं की साहेबांच्या खुर्चीमागचा गिलावा छतापर्यंत पोकळ वाजतो आहे, खुर्ची दोन हात सरकवणं इष्ट. साहेबांनी ऐकलंच नाही असं दाखवलं. पण पहिली कलमं वाचताना खुर्ची हळूहळू सरकत होती, मी पायांकडे बघत होते. अकराव्या कलमापर्यंत ते खिडकीशी पोचले.

मग एकेक धोका. साहेब विचारायचे, बाबा उत्तर द्यायचे: मातीला काय केलं, खड्ड्याला काय केलं, वाळूचं काय ठरलं. मावशी, त्यांना सगळं माहीत होतं. माझ्या प्रत्येक पत्रातली ओळ न ओळ. वाळूवाल्याच्या जावयाचा मित्रसुद्धा त्यांनी ‘पर्यायी पुरवठ्याची व्यवस्था’ म्हणून सांगितला. बाहेर गवंडीकाका आणि आमची माणसं दाराला कान लावून होती; आतून आकडा ऐकू आला की बाहेरून कुणीतरी हळूच म्हणायचं, हा झाला, फळ्या लावल्या. साहेबांनी शेवटी दार उघडायला लावलं.

साहेबांनी शेवटाला राखून ठेवलेल्या सातव्यावर सगळं थांबलं. साहेबांनी चष्मा काढून विचारलं की हे मागे घेता का. बाबा म्हणाले की मागे घेता येणार नाही, कारण ते खरं आहे. मात्र हे लिहिताना त्यांनी साहेबांना पाहिलेलं नव्हतं, आणि खोलीभर फायली आणि एकच माणूस असा हिशेब त्यांनी धरला नव्हता, हा तपासणीतला दोष त्यांचा. तेवढी दुरुस्ती ते लेखी द्यायला तयार आहेत. साहेबांनी चष्मा परत लावला आणि शिपायाला चहा सांगितला. तीन कप. मी त्याला काही अर्थ लावला नाही, पण गवंडीकाकांनी लावला.

अडलं ते एकोणिसाव्यावर. साहेब म्हणाले, बाकी बेचाळीस धोक्यांचं उत्तर मिळालं, पण देखरेख कागदावरची आहे असं वडिलांनीच लेखी कळवल्यावर मी डोळेझाक करू शकत नाही. सगळे करतात ते मला कुणी लेखी कळवत नाही. खरा माणूस हवा, दहा वर्षांचा अनुभव, साइटवर राहणारा. महिनाअखेर त्याचं संमतीपत्र आलं तर परवाना, नाही तर फाइल बंद. आणि मग मावशी, साहेब, मी, शिपाई, दारातले अकरा जण, सगळे बाबांकडे बघायला लागलो. बाबा छताकडे बघत होते.

मग म्हणाले की ते लेखी कळवतील.

मी एक शब्द बोलले नाही. गाडीवर सोडायला गेले तेव्हाही नाही. आई गेल्यापासून ते त्या घरातून एक रात्रही बाहेर राहिले नव्हते. इथेही राहिले नाहीत, आल्या दिवशीच परत गेले. तो ड्रॉवर, ती भांडी, तो दुसरा कप सोडून या, असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? दहा दिवस आहेत. तू पण काही बोलू नकोस. शिट्टी मारायचा मोह झाला तर तोंडात रुमाल धर.

तुझी,
मुकादम


२५ मार्च

चि. मुकादम हिस,

अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

धोका क्रमांक एकोणीससंबंधी.

उमेदवाराचे वय चौसष्ट. उजवा गुडघा शिडीवर कुरकुरतो. डावा अद्याप तक्रार करीत नाही. अनुभव एकतीस वर्षे, त्यांपैकी एकही एखाद्या इमारतीच्या बाजूने नाही, सर्व विरुद्ध. जे दिसेल ते बोलण्याची सवय. ती या वयात सुटणार नाही, व मजुरांस ती प्रथम जड जाईल. प्रवर्तकाशी रक्ताचे नाते असल्याने निःपक्षपातीपणाबद्दल शंका घेता येईल. परंतु त्याच्या अहवालातील पहिलेच कलम पाहता ती टिकणारी नाही.

उमेदवारास स्थलांतराचा धोका आहे. येथे प्रत्येक वस्तू तिने ठेवली तेथे आहे. मी ती हलविली नाही, कारण हलविल्यावर ती मी ठेवलेली होईल. मला असे वाटत असे की मी घर सांभाळतो आहे. गेले आठ दिवस विचार करता, घर मला सांभाळीत असावे असे दिसते, आणि ते आता थकले आहे. मावशी आठवड्यातून दोनदा येऊन झाडांस पाणी घालीन म्हणते. शेजाऱ्यांना शिट्टीबद्दल पूर्वसूचना दिली आहे. तोंडी.

सर्व विचार करून, संमतीपत्र आज परवाना कार्यालयास रजिस्टर केले. तिकीट मी स्वतः चिकटविले, सरळ. मी २९ तारखेस सकाळच्या गाडीने येतो. टायरच्या दुकानावर नव्हे. नियमाप्रमाणे साइटवरच राहीन. गवंडीकाकांच्या शेजारची खोली मिळावी, खड्ड्यापासून दूर. सोबत हातोडी, ओळंबा, दोन कप. टोपी तुझ्यासाठी आणतो. ती घातल्याशिवाय परांचीवर पाय ठेवता येणार नाही; हा माझा अधिकारी म्हणून पहिला आदेश समजावा, वडील म्हणून तेविसावा.

एक अट आहे. यापुढे माझे सर्व टपाल तुझ्या हातून जाईल. प्रती काढणे मी थांबविणार नाही; त्यावाचून मला पत्र पुरे झाल्यासारखे वाटत नाही. परंतु त्या कोठे जातात हे मी विचारणार नाही. साइटवर वाळूच्या, खडीच्या, सुतळीच्या याद्या कराव्या लागतीलच.

आपला लोभ पक्क्या जमिनीवर आहे असे माझे निरीक्षण आहे. तरीही वेळोवेळी ठोकून पाहावे.

तुझा,
बाबा

ता. क. या पत्राची प्रत नेहमीप्रमाणे काढली. ती खालच्या ड्रॉवरमध्ये, गठ्ठ्याच्या सर्वांत वर, पालथी ठेवली आहे. मागची बाजू कोरी आहे.